कापसाची दीर्घिका

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं विज्ञानाशी जितकं वैर असतं तितकं दुसऱ्या कशाचंच नसेल. हे मी ऐकीव सांगत नाही. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणजे हजेरी घेतो आणि प्रॅक्टिकलच्या वह्यांवर सह्या करतो. दर हिवाळ्यात जिल्ह्यातले चार-पाच तालुके मला परीक्षक म्हणून बोलावतात. बोलावण्याचं कारण माझी विद्वत्ता नव्हे. एक तर मी कधी नाही म्हणत नाही, आणि दुसरं, माझ्या नावाआधी 'प्राध्यापक' लागतं. पत्रिकेत ते बरं दिसतं.

ही प्रदर्शनं ज्यानं पाहिली नाहीत तो भाग्यवान. कार्यक्रम दहाचा असतो, प्रमुख पाहुणे साडेबाराला येतात. तोवर पोरं इस्त्रीचे कपडे घालून आपापल्या टेबलामागं ताटकळत असतात. पाहुणे दीपप्रज्वलन करतात, माणूस चंद्रावर गेला पण संस्कार खाली राहिले या विषयावर पाऊण तास बोलतात आणि एकाही मॉडेलकडं न बघता जेवायला जातात. मग आमची फेरी निघते. ज्वालामुखी असतोच. ज्या गावात बोअरला पाणी लागत नाही तिथंही ज्वालामुखी हटकून असतो. लोणारचं विवर असतं, प्लास्टरमध्ये, निळ्या रंगाच्या पाण्यासकट. सलाइनच्या नळ्या आणि सिरिंज लावलेला जेसीबी असतो. मागच्या वर्षीचंच मॉडेल नवा रंग मारून दुसऱ्या पोराच्या नावानं येतं, आणि मी ते ओळखतो, आणि कोणी काही बोलत नाही.

पण खरी गंमत वेगळीच आहे. आमच्याकडं विज्ञानाची कसोटी एकच: मॉडेल फिरलं पाहिजे. गुणपत्रिकेवर तसं छापलेलं नाही, तिथं 'संकल्पना', 'सादरीकरण' असे भारदस्त रकाने आहेत. पण शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत टेबलापाशी आलेला प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, "फिरते का हे?" त्यामुळं शहाणे शिक्षक मिळेल त्या वस्तूला मोटर लावतात. मोताळ्याला मी पचनसंस्था फिरताना पाहिली आहे. जठर, आतडी, यकृत, सगळं गरगर, आणि बाजूला एक पोरगी हसू दाबून अन्ननलिकेचं कार्य सांगते आहे. त्या पचनसंस्थेला दुसरा नंबर मिळाला. मीच दिला.

आता एवढा तुच्छतेनं बोलणारा मी कोण, हेही सांगायला हवं. माझे वडील इथल्याच एका कचेरीत कारकून होते. एम.एस्सी.साठी मी पुण्याला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात भर वर्गात उभा राहून म्हणालो, "सर, मले समजलं नाही." वर्ग जो हसला, ते हसणं माझ्या कानात महिनाभर वाजत होता. त्यानंतर दोन वर्षं मी एकही शंका विचारली नाही. समजलं नाही तरी चालेल, पण हसं नको. बोलणं मात्र घासूनपुसून साफ केलं, आणि गावी परत आलो तेव्हा दुसऱ्यांना हसण्याचा परवाना घेऊनच आलो.

त्या दोन वर्षांत एकदा आमच्या विभागात एका पाहुण्या शास्त्रज्ञांचं दीर्घिकांवर व्याख्यान झालं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची गावं. आपली आकाशगंगा ही त्यातलंच एक. त्यांनी पडद्यावर एक तक्ता दाखवला. डावीकडं लंबगोल दीर्घिका, गोळ्यासारख्या, नितळ, ना हात ना पाय. उजवीकडं तक्त्याला दोन फाटे फुटलेले, आणि त्या फाट्यांवर चक्राकार दीर्घिका, आधी घट्ट गुंडाळलेल्या भुजांच्या, मग सैल, मग पार मोकळ्या. मला वाटलं, समजलं. डावीकडून उजवीकडं वाचायचं. दीर्घिका आधी गोल जन्मते, मग फिरून फिरून चपटी होते, मग तिला भुजा फुटतात आणि त्या उलगडत जातात. खात्री करायला एक प्रश्न पुरला असता. हात वर करायची हिंमत झाली नाही. मी वहीत तक्ता उतरवला आणि त्यावर डावीकडून उजवीकडं बाण काढले. मूळ तक्त्यावर बाण नव्हतेच.

त्या बाणांवर मी वीसहून अधिक वर्षं जगलो. 'दीर्घिकांचा जन्म आणि वाढ' हे माझं व्याख्यान जिल्ह्यात गाजलेलं आहे. धामणगाव बढ्याला दिलं, चिखलीला दिलं, मेहकरला तर दोनदा दिलं. "बाळपणी गोल, तारुण्यात चपटी, आणि पुढं बाहू पसरलेली," या वाक्याला टाळी पडते. कोणी आडवं बोललं नाही. कोण बोलणार? वासरांत लंगडी गाय शहाणी, असं मी मनातल्या मनात इथल्या लोकांबद्दल म्हणत असे. लंगडी गाय कोण, याचा मी विचार केला नव्हता.

तर दोन-तीन वर्षांपूर्वी संग्रामपूरचं बोलावणं आलं. सकाळी एसटी धरली, राजूर घाट उतरून नांदुऱ्यावरून आदळत-आपटत साडेअकराला पोचलो. पाहुणे अर्थातच आले नव्हते. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक म्हणून शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी होते, गळ्यात ओळखपत्र आणि खिशात चार पेनं घातलेले. त्यातलं एकही मी दिवसभरात बाहेर निघालेलं पाहिलं नाही.

फेरी सुरू व्हायच्या आधी एक शिक्षक चहाचा कप घेऊन माझ्याकडं आले. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावच्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत.

"सर, एक विनंती व्हती," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्या शाळेची एक पोट्टी हाय, दहावीची. लय हुशार हाय. तिच्या बापानं सांगितलं हाय का नंबर आला अन् जिल्ह्याले गेली तरच अकरावीले सायन्स. नाही तं गावाजवळच आर्टले टाकून देईन म्हणते. जरा ध्यान असू द्या."

मला संताप आला. आला वशिला! पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीच्या मॉडेलसाठीही यांना वशिला लागतो. "मॉडेल चांगलं असेल तर नंबर येईल," मी म्हणालो आणि त्यांचा चहा टेबलावर तसाच ठेवला. त्या क्षणी मी त्या पोरीवर न बघताच रागावलो होतो, हे आज कबूल करतो.

तिचं टेबल रांगेत अगदी शेवटी होतं, खिडकीपाशी. उंच, सडपातळ पोरगी, दोन वेण्या, आणि नजर खाली नाही. टेबलावर मोटर नव्हती, दिवे नव्हते. पुठ्ठ्याच्या दोन चकत्या होत्या, त्यांवर निळ्या कागदाच्या भुजा चिकटवलेल्या, आणि दोन्ही चकत्या एका दोऱ्यावर ओवलेल्या. दुसऱ्या बाजूला कापसाचा एक भला मोठा गोळा, गेरूनं तांबूस रंगवलेला. मागं तक्ता. तक्त्यावर बाण. आणि ते बाण चक्राकार दीर्घिकांकडून लंबगोल दीर्घिकेकडं जात होते.

"फिरते का हे?" विस्तार अधिकाऱ्यांनी कापसाच्या गोळ्याकडं बोट दाखवून विचारलं.

"नाही सर," पोरगी म्हणाली. "हे फिरत नाही. म्हणजे यातले तारे फिरतात, पण कोणी इकडं, कोणी तिकडं. सगळे मिळून एका दिशेनं नाही फिरत."

"मंग याले मोटर काऊन नाही लावली?"

"मोटर लावली तर चूक होईल, सर."

अधिकारी माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो. मग मी पुढं झालो, कारण आता माझा विषय निघाला होता, आणि आजूबाजूला पोरं, शिक्षक जमायला लागले होते.

"बाण उलटे काढलेत तू," मी म्हणालो.

"नाही सर. बरोबर हायेत."

या जिल्ह्यात मला 'नाही सर' म्हणणारी ती पहिलीच. मी चष्मा काढून पुसला. "बरं. समजावून सांग."

तिनं दोन्ही चकत्या दोऱ्यावरून एकमेकींकडं सरकवल्या. "या दोन चक्राकार दीर्घिका. यांच्यात गॅस असते, त्याच्यापासून नवीन तारे होत राहतात. त्या एकमेकींकडं ओढल्या जातात. जवळ आल्या का दोघींच्या भुजा मोडतात. गॅस दाबल्या जाते, एकदम लय तारे होतात, अन् मंग गॅस सरते. उरते असा गोळा. जुने तारे, तांबडे. नवीन होत नाहीत." ती थांबली, मग जरा घाईनं म्हणाली, "सर, जशा दोन वराती एकाच गल्लीत समोरासमोर आल्या ना, तर दोन्हीकडच्या रांगा मोडतात. माणसं माणसांवर आदळत नाहीत, पण मंग नुसती गर्दी राह्यते. तसं."

"वरातीवरून विज्ञान शिकवतेस?" मी म्हणालो. "आणि घोडा कुठं बसतो यात?"

सगळे हसले. अधिकारी तर पोट धरून हसले. मी आवाज चढवला नाही, माझी तशी पद्धतच नाही. मी तिला अगदी शुद्ध, सावकाश मराठीत सांगितलं की दीर्घिका आधी गोल असते, नंतर तिला भुजा फुटतात, हे जगातल्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. तिनं हे कुठल्यातरी मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिलं असेल. आणि ज्याला मूळ क्रमच कळला नाही त्यानं कापूस वाया घालवू नये. ती ऐकत होती. शेवटी पुन्हा म्हणाली, "पण सर, गोल दीर्घिकेत गॅसच नाही, तर तिले भुजा कुठून फुटतील?"

प्रश्न नेमका होता. मी घड्याळ बघितलं. गुणपत्रिकेवर 'संकल्पना' या रकान्यात 'चुकीची' असं लिहून खाली सही केली आणि पुढच्या टेबलाकडं वळलो. तिथं एलईडीच्या माळा लावलेली सूर्यमाला होती, मिक्सरच्या मोटरवर जोरात फिरत होती, शनीची कडी एकदा उडून बाजूच्या बाईंच्या पदराला अडकली. त्या सूर्यमालेला पहिला नंबर मिळाला. पोरीचं नाव पहिल्या तिनांत नव्हतं, उत्तेजनार्थमध्येही नव्हतं. तिचे शिक्षक जाताना मला नमस्कार करून गेले.

आठवडाभरानं कॉलेजनं वार्षिकांकासाठी माझ्याकडं लेख मागितला. मी ठरवलं, या प्रदर्शनांची चांगली हजेरी घ्यायची. लिहायला बसलो आणि मजेशीर उदाहरण म्हणून वरातीवाल्या पोरीचे उलटे बाण घेतले. तिची चूक दोन वाक्यांत नेमकी मांडता यावी म्हणून ग्रंथालयातून खगोलशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्या पुस्तकाच्या मागच्या कार्डावर माझ्याआधी एकाही माणसाची सही नव्हती. वीस वर्षं मी त्या विषयावर बोलत होतो आणि माझीही नव्हती.

पहिली चार पानं वाचली आणि कान गरम झाले. मग दुसरं पुस्तक बघितलं. मग तिसरं. तिन्ही पुस्तकांनी ठरवून माझ्याविरुद्ध साक्ष दिल्यासारखं तेच लिहिलं होतं. तो तक्ता म्हणजे काळाचा क्रम नाहीच. तो फक्त दिसण्यावरून लावलेल्या जातींचा तक्ता आहे. काळोख्या, न दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीनं वायू एका ठिकाणी गोळा होतो. त्याला मुळात थोडी गिरकी असते, आणि थंड होत आत कोसळताना ती वाढते, म्हणून तो पसरट चकतीसारखा बसतो. त्या चकतीत भुजा उमटतात, भुजांमध्ये वायू दाटतो, दाटला की तारे जन्मतात. छोट्या दीर्घिकांना मोठ्या गिळत राहतात, त्यानं चकतीचं फारसं बिघडत नाही. पण दोन तुल्यबळ दीर्घिका एकमेकींवर आल्या की चकत्या मोडतात, ताऱ्यांच्या वाटा विस्कटतात, वायू एका झटक्यात खर्ची पडतो, आणि मागं राहतो तो जुन्या तांबूस ताऱ्यांचा लंबगोल गोळा. सगळ्याच लंबगोल दीर्घिकांचा इतिहास इतका सरळ नसतो, असंही लिहिलं होतं. काही चक्राकार दीर्घिका गर्दीच्या भागात सापडून वायू गमावतात आणि टक्कर न होताच त्यांच्या भुजा विझतात. पण गोळ्याला आपसूक भुजा फुटतात असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. भुजा फुटायला वायू लागतो, आणि गोळ्यात तो जवळपास उरलेलाच नसतो. हेच त्या पोरीनं मला विचारलं होतं.

खरं सांगायचं तर मला आधी तिचाच राग आला. नीट सांगायचं नाही का? वराती कशाला आणायच्या मधे? नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी इतरांवर शेकडो वेळा फेकली आहे. त्या दुपारी मी स्वतः अर्धा तास अंगणाला शिव्या देत होतो. मग राग ओसरला आणि लाज राहिली. तिचं अकरावीचं सायन्स माझ्या एका शब्दावर अडलं होतं, आणि तो शब्द मी हशा पिकवण्यासाठी खर्च केला होता.

मी विस्तार अधिकाऱ्यांना फोन केला. त्यांना आधी वाटलं, मी माझ्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर लावायला फोन केला आहे. खरं कारण सांगितल्यावर ते जास्त घाबरले.

"सर, जिल्ह्याले नावं गेली आता," ते म्हणाले. "अन् परीक्षक चुकले असं लेखी आलं तर माह्यावरच चौकशी लागन. जाऊ द्या ना. पुढच्या वर्षी तिले पाहू."

"ती दहावीत आहे. पुढचं वर्ष नाही."

"मंग तर विषयच मिटला," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली सुटका मला फोनवरही दिसली.

पुढच्या शनिवारी मी त्या गावी गेलो. संग्रामपूरहून पुढं जीपच्या टपावर बसायची पाळी होती, ती चुकवून कसंबसं स्वतःला आत कोंबून घेतलं. शाळा सुटायच्या बेतात होती. शिक्षक मला बघून धावत आले आणि हात धरून थेट शाळेच्या बाहेरच्या भिंतीकडं घेऊन गेले. आमच्याकडच्या शाळांत 'बोलक्या भिंती' असतात. पाढे, नकाशे, फुलाचे भाग, सगळं ऑइलपेंटनं भिंतीवर रंगवलेलं. तिथं नवाकोरा निळा चौकोन होता, आणि त्यात माझा तक्ता. गोल दीर्घिकेकडून चक्राकार दीर्घिकेकडं जाणारे ठळक पिवळे बाण. खाली 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव, कॉलेजसकट.

"तुम्ही सांगितल्यापरमानं पेंटरकडून करून घेतलं सर," ते अभिमानानं म्हणाले. "पोट्टीचं चुकलं ते चुकलं, पण बाकीच्या पोरायचं तरी चुकू नये."

मी म्हणालो, हे पुसा, हे चूक आहे, तिचं बरोबर होतं. मग त्यांनी मान हलवली. पेंटर आता एका लग्नाच्या कमानी रंगवायला बाहेरगावी गेला आहे, मार्चनंतर बघू, असं त्यांनी सांगितलं. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं होतं, यात शंका नाही. त्यांनी ते मानलं नव्हतं.

मग ते मला पोरीच्या घरी घेऊन गेले. पक्कं घर, अंगणात कापसाच्या गाठोड्यांचा ढीग, संत्र्याचे रिकामे क्रेट. बाप पन्नाशीचा, पांढरा सदरा, हात रुंद. त्यानं मला प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली आणि स्वतः बाजेवर बसला. मी काही बोलायच्या आधीच हात जोडून म्हणाला, "सर, लय उपकार झाले तुमचे. वेळेवर कळलं. नाही तं आमी उगाच पोरीले सायन्सले घातलं असतं, अन् दोन वर्षांनं रडत वापस आली असती. मोठ्या माणसानं तपासून सांगितलं म्हणजे मग डोक्याले ताप नाही."

पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. माझ्याकडं बघत होती, रागानं नाही, नुसतीच.

"तिचं बरोबर होतं," मी म्हणालो. "माझं चुकलं. तिला पहिला नंबर मिळायला हवा होता."

बाप हसला. एवढं निर्मळ हसू मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. "पाहा, मोठ्या माणसाचं असंच राह्यते," तो शिक्षकांना म्हणाला. "पोरीचं मन मोडू नये म्हणून बुलढाण्याहून इथवर आले. अन् वरतून आपल्याच माथ्यावर घेऊन राह्यले."

"बाबा, ते खरंच सांगून राह्यले," पोरगी म्हणाली.

"तू बस."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जितक्या वेळा मी चुकलो म्हणालो तितका मी त्याच्या नजरेत मोठा होत गेलो. माणूस स्वतःची चूक कबूल करतो ती चूक झालेली असते म्हणून, ही शक्यताच त्याच्या मनात येत नव्हती. आमच्याकडं साहेबानं माफी मागितली तर तो त्याचा खानदानीपणा असतो. शेवटी मी वैतागून म्हणालो, "लिहून देतो. सहीनिशी."

लिहून देतो म्हटल्यावर तो जरा गंभीर झाला. पोरीनं वहीतला कोरा कागद आणला. मी लिहायला सुरुवात केली: 'सदर तक्त्यातील दिशादर्शनाबाबत परीक्षणाच्या वेळी काही संदिग्धता राहून गेल्याने...' ती माझ्या खांद्यामागून वाचत होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही 'मी चुकलो' असंच लिहा ना. बाबाले तेच समजते."

मी कागद चुरगाळला. दुसऱ्या कागदावर लिहिलं: 'तुमच्या मुलीचे बाण बरोबर होते. मी चुकलो. तिला विज्ञान शिकवा.' खाली नाव, हुद्दा, सही. बापानं कागद हातात घेऊन ओठ हलवत वाचला. मग पुन्हा वाचला. मग माझ्याकडं बघून अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "सर, तुमच्यासारखा एवढा शिकलेला माणूस चुकते, तर मंग हे सायन्स शिकून कराचं काय?"

मी पेनाचं टोपण लावलं. पोरगी म्हणाली, "चूक सापडते ना बाबा त्याच्यात." बाप म्हणाला, "पाहू." मग चहा आला, आणि बोलणं संत्र्याच्या बहरावर गेलं.

जीपच्या थांब्यापर्यंत ती आणि तिचे शिक्षक सोडायला आले. वाटेत तिनं विचारलं, आपली आकाशगंगाही कधी अशी गोळा होईल का? मी म्हणालो, शेजारची देवयानी दीर्घिका आपल्याकडं येते आहे, टक्कर झाली तर तसं होईल. पण होईलच की नाही यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, आणि मला नक्की माहीत नाही. 'मला माहीत नाही' हे शब्द मी दुसऱ्या माणसासमोर किती वर्षांनी उच्चारले असतील! ती लगेच म्हणाली, "मंग माहीत कसं होईल?" जीप आली आणि मला आत कोंबण्यात आलं.

त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मी दीर्घिकांचं व्याख्यान बंद केलं. संयोजकांना सांगितलं घसा बसतो. खरं कारण एकालाही सांगितलं नाही. वार्षिकांकाचा लेख प्रदर्शनांवरच छापून आला, त्यातून बाणांचं उदाहरण मी काढून टाकलं होतं. लोकांनी लेखाचं कौतुक केलं, किती बोचरं लिहिता म्हणाले.

हिवाळ्याच्या तोंडाशी त्या शिक्षकांचा फोन आला. आवाज आनंदी होता.

"सर, तुमचा कागद हाय ना, तो पोरीच्या बापानं लॅमिनेशन करून भिंतीवर लावला. देव्हाऱ्याच्या बाजूले. आल्यागेल्या पाहुण्याले दाखवते."

"वाचतात का पाहुणे?" मी विचारलं.

"वाचतात ना सर. सगळे म्हणतात, बुलढाण्याचा एवढा मोठा प्रोफेसर, अन् पाहा किती नम्र माणूस."

"आणि मुलगी?"

"ती आर्टले हाय. जवळच हाय कॉलेज, जाऊन-येऊन करते," ते म्हणाले, आणि क्षणभरही न थांबता पुढं बोलले, "बरं सर, मी फोन कायले केला तर औंदाच्या प्रदर्शनाले परीक्षक म्हणून तुम्हीच पाह्यजे. सगळ्यायची तशी इच्छा हाय. तुमच्यासारखं नीट तपासून सांगणारं दुसरं कोणी नाही म्हणतात."

मला खरं तर ओरडायचं होतं. त्या बापाला, या शिक्षकांना, त्या लॅमिनेशनवाल्याला, साऱ्या जिल्ह्याला शिव्या घालायच्या होत्या. पण त्या क्षणी मला फक्त एक पोरगी दिसत होती, कुठल्यातरी आर्ट्सच्या वर्गात, मागच्या बाकावर, माझ्यामुळं बसलेली. फोनमध्ये ते 'हॅलो, हॅलो सर' करत होते. पत्रिका छापायला टाकायची होती, त्यांना उत्तर पाहिजे होतं.

सांगायला लाज वाटते, पण मी हो म्हणालो.